पट्टीतलं पहिलं नाव

प्रमिलाबाईंचा अंगठा फोनच्या काचेवर नुसता घिरट्या घालत होता आणि गुणवंता सर शेजारच्या खुर्चीत जीभ दाताखाली धरून बसले होते.

"सांगा नं जी सर, कुठं दाबू?"

"मी नाई सांगणार. तुमाले जिथं वाटते तिथं दाबा."

"मंग तुमी कायले आले मोहगावाले?"

प्रश्न रास्त होता. पांढुर्ण्याहून निघून, सौंसरला बस बदलून, भर उन्हात एक माणूस तुमच्या अंगणात येतो, पाणी पितो, वही उघडतो आणि म्हणतो की मी काही सांगणार नाही. पण सर शेतकऱ्यांसाठीच्या वेबसाइटची चाचणी घ्यायला आले होते आणि त्यांचा नियमच तसा होता. वेबसाइट माणसाला आपली आपण सापडली पाहिजे. आपण बोट दाखवलं की वेबसाइट पास होते आणि माणूस नापास.

प्रमिलाबाईंच्या संत्र्याच्या पानांवर काळी काजळी चढली होती. कोळशी म्हणतात तिला. तिच्यावर काय करायचं एवढंच त्यांना पाहायचं होतं. फोनमध्ये वरच्या पट्टीत चार नावं होती: ताण, डिंक्या, कॅरेट, बोंड. बाईंनी ताण दाबलं. पाण्याचं काहीतरी निघालं. मग कोपऱ्यात घराची चार चित्रं होती, त्यांतल्या एकावर बोट ठेवलं, तर कापसाचं पान उघडलं.

"अव्वो माय! आपल्या घराले जाव म्हणलं तं दुसऱ्याच्याच घरात घुसली मी."

सरांनी वहीत लिहिलं, 'चार घरं आहेत. एकच हवं.' मग न राहवून विचारलं, "बाई, पयले ताणच काऊन दाबलं?"

"पयले लिवलं हाय नं. पयले हाय म्हणजे तेच मेन असन."

हे ऐकून सरांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला. वेबसाइट चुकली होती, बाई चुकल्या होत्या, पानांवरची काजळी जिथल्या तिथं होती, तरी सरांना आतून गुदगुल्या झाल्या. कारण 'ताण' त्यांचा होता.

गुणवंता कळंबे सव्वीस वर्षं पांढुर्ण्यात औषधांच्या दुकानावरच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास चालवत होते. अर्ध्या गावाची बोटं त्यांनी कीबोर्डवर बसवली होती. पण स्वतःचं असं काही केलं असेल तर तो एकच प्रोग्राम, ताण. संत्र्याच्या झाडाला फुलावर आणायचं तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानतं, पानं मलूल होतात, आणि मग नेमक्या दिवशी पाणी सोडलं की फुलं येतात. त्या तहानेलाच ताण म्हणतात. किती दिवस तहानलेलं ठेवायचं ते जमिनीवर अवलंबून असतं, हलकी की भारी. सरांनी तीन हिवाळे सायकलवरून तीसेक बागा पालथ्या घातल्या, आकडे जमवले आणि २००८ साली तो हिशोब कॉम्प्युटरात बसवला. पुढे कॉम्प्युटरातून तो लोकांच्या फोनमध्ये आला. लोक त्यांना 'ताणवाले सर' म्हणू लागले. घरी शांतपणे जेवताना सरांना हे नाव आठवे आणि ते एक पोळी जास्त खात.

त्यांचं पाहून त्यांच्या तीन विद्यार्थ्यांनीही प्रोग्राम केले. सौंसरला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवणाऱ्या रोशनने झाडाचा फोटो पाहून रोग ओळखणारा केला. त्याच्या वडिलांची बाग डिंक्या रोगाने गेली होती म्हणून नाव ठेवलं डिंक्या. प्रोग्राम ओळखतो अकरा रोग. ज्याच्या झाडाला कोळशी लागली तो डिंक्यावर बोट का ठेवील, हा प्रश्न रोशनला चार वर्षांत पडला नव्हता. हिमानी घरी बसून नागपूरच्या कंपनीचं काम करायची. तिने गाडीत संत्र्यांचे किती कॅरेट, म्हणजे क्रेट, भरले ते मोजणारा 'कॅरेट' केला. कुणाल नागपूरला नोकरीला, त्याने कपाशीच्या अळीचा 'बोंड' केला. चारही फुकट, चारही कोणीही घ्यावेत असे, आणि चारांच्या चार तऱ्हा.

यांना एका छताखाली आणू, असं हिमानी म्हणाली. सर म्हणाले, कोड तुम्ही लिहा, वाट मी आखतो. पट्टीत कोणाचं नाव पहिलं यावर चर्चासुद्धा झाली नाही. सरांचं पहिलं. मग वयाप्रमाणे बाकीचे.

घरी आल्यावर सरांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि कात्री घेऊन बसले. कोऱ्या पाठीच्या चिठ्ठ्या पाडायच्या, एकेका चिठ्ठीवर शेतकऱ्याचं एकेक काम लिहायचं आणि लोकांनाच त्यांचे ढीग लावायला सांगायचे. म्हणजे कोणतं काम कोणत्या नावाखाली ठेवावं ते लोकच दाखवतील.

"माह्या भाचीची पत्रिका कापून राहिले तुमी," त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या.

"लग्न झालं नं तिचं?"

"झालं. पण जगाले रस्ता दाखवणारा माणूस घरात मिठाचा डबा कुठं हाय ते मले विचारते. त्याच्यावर बी एक चिठ्ठी लिवा."

सरांनी खरोखर विचार केला, कारण डबा नेमका कुठं आहे ते त्यांना आत्ताही सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी ते रामाकोन्याला गेले. श्रावण मेश्राम यांची तिथं दोनशे झाडांची बाग होती. श्रावणभाऊंनी जयभीम घातला, बाज ओढली, आणि त्यांची सून दामिनी पाणी घेऊन आली. सरांनी बाजेवर चिठ्ठ्या मांडल्या. पानं पिवळी पडली. फळ गळून राहिलं. बोंडात अळी दिसली. गाडीत किती कॅरेट गेले. अशा चौदा.

"याचे ढीग लावा. तुमच्या मनानं."

दामिनीचा हात झपाझप चालला. तिचे तीन ढीग झाले. पहिल्याकडे बोट करून ती म्हणाली, "हे झाडाले काय झालं त्याचं. हे कपाशीचं. अन् हे माल भराचं."

"मराठीत लिवू का हिंदीत?" सरांनी विचारलं. इकडे शाळा हिंदीत आणि घर मराठीत, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा.

"जसं बोलतो तसं लिवा नं. झाड काही हिंदीत बिमार पडत नाई."

मग तिने एक चिठ्ठी उलटून मागची छापील बाजू वाचली आणि हसली. "तुमच्या वेबसाइटीवर बी असंच केलं हाय सर. आजोबाचं नाव पयले, मंग काका, मंग मामा. अन् जेवण कुठं हाय ते सगळ्यात खाली, बारीक. येणारा माणूस तं तेच पाहते."

सरही हसले. मग त्यांचं लक्ष श्रावणभाऊंकडे गेलं. त्यांच्या हातात दोन चिठ्ठ्या तशाच होत्या. पाणी कधी तोडायचं. पाणी कधी सोडायचं.

"ठेवा नं श्रावणभाऊ."

"कुठं ठेवू?"

"जिथं वाटते तिथं."

"कुठंच नाई वाटत सर."

दामिनीने डोक्यावरचा पदर उगाच नीट केला. "सांगून टाका नं मामाजी," ती म्हणाली.

श्रावणभाऊ उठले आणि बागेकडे चालू लागले. सर मागोमाग गेले. बाहेरच्या माणसाला ती बाग सुंदर वाटली असती. झाडं हिरवीगार, कोवळ्या पानांनी चमकत होती. सरांनी एक फांदी वर उचलली, मग दुसरी, मग पुढच्या झाडाची. एप्रिल लागला होता. या दिवसांत फांदीवर बोराएवढी फळं हवीत. इथं पानंच पानं होती.

"नवती फुटली सगळी," श्रावणभाऊ म्हणाले. "फूल नाई आलं. तुमच्या ताणनं चाळीस दिवस सांगतले होते. नाताळाच्या टायमाले दोन दिवस पाणी पडलं. मले वाटलं, आता ताण तुटला, आता पयल्यापासून मोजा लागन. पण मोबाईल चाळीसच दाखवून राहिला. म्हणलं, सरनं केलं हाय, त्याइले समजते. चाळीसाव्या दिवशी पाणी सोडून देलं."

"अहो, मले सांगाचं होतं!"

"तुमाले काय सांगू? माह्या पोराले तुमीच शिकवलं. मास्तरले कोणी चूक दाखवते का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

"आणखी कोणाचं झालं असं?"

"झालं असन. आठ-दहा जण तं मलेच माहीत हाय. कोणी बोललं नाई."

२००८ साली सरांच्या प्रोग्रामात हिवाळ्यातल्या पावसासाठी रकाना नव्हता. कोणी तसा सुचवला असता तर सरांनी त्याला वेड्यात काढलं असतं. तेव्हा हिवाळा कोरडा असायचा. मधल्या वर्षांत हिवाळा बदलत गेला, लोकांच्या बोलण्यात ते रोज येत होतं, सरही चौकात उभे राहून 'काय हे पाणी' म्हणत होते, आणि माडीवर जाऊन तोच जुना हिशोब लोकांना वाटत होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी हे स्वतःला सरळ शब्दांत सांगून पाहिलं आणि त्यांना फार लाज वाटली.

लाज वाटली म्हणून माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. पुढचे तीन दिवस सरांनी वहीत पट्ट्या आखल्या. पहिल्या पट्टीत ताण शेवटी ठेवला. दुसरीत 'इतर' नावाचा खण केला आणि त्यात ताण लपवला. तिसरीत 'जुने प्रोग्राम' अशी ओळ खाली बारीक अक्षरात घातली. मधेच पावसाचा रकाना घालूनही पाहिला. पण पाऊस एका शेतात पडतो, दुसऱ्यात नाही. एका जमिनीत मुरतो, दुसरीवरून वाहून जातो. प्रत्येक झाडाखालची ओल माडीवर बसून कशी मोजणार? प्रोग्राम आकडा द्यायचा, तो आकडा दिसायलाही छान दिसायचा, पण सरांचाच त्यावर विश्वास बसेना.

"तीन दिवस झाले, वहीत एकच चौकोन खोडून राहिले तुमी," कुसुमताई म्हणाल्या.

सरांनी सगळं सांगितलं. श्रावणभाऊ, नवती, आठ-दहा जण.

"मंग काढून टाका."

"अठरा वर्षं झाली त्याले, कुसुम."

"मंग अठरा वर्षं चाललं नं. गाय बी इतके वर्षं दूध देत नाई."

"मी दुसरं काहीच नाई केलं गं. एवढंच केलं."

 कुसुमताई भाजी निवडत होत्या, ती तशीच ठेवून जवळ येऊन बसल्या.

शनिवारी कुणाल गाडीने नागपूरहून आला, रोशन सौंसरहून. माडीवर पंख्याखाली चौघं बसले. सरांनी फळ्यावर नवी पट्टी लिहिली. झाडाला काय झालं. कपाशीची कीड. माल भरणं. आणि घर एकच, डाव्या कोपऱ्यात, कुठूनही दाबा, पहिल्याच पानावर नेणारं. डिंक्या हे नाव आतल्या पानावर छोट्या अक्षरात राहील, असं सांगितल्यावर रोशनचं तोंड जरा उतरलं, पण प्रमिलाबाईंची गोष्ट ऐकून तोच सगळ्यांत जास्त हसला.

"अन् ताण?" हिमानीने विचारलं.

"ताण नाई."

"म्हणजे मागून टाकाचा?"

"मागून बी नाई. चूक सांगते तो आता." सरांनी रामाकोन्याचं सगळं सांगितलं.

 मग रोशन म्हणाला, "तरी पण सर, तुमचंच काढून आमी आमचं चालवू का? लोक काय म्हणतीन? मी म्हणतो नाव पयलेच राहू द्या, आतमंदी काही चालू नका ठेवू. शोभेले तरी राहीन."

"प्रमिलाबाईनं पयलं म्हणून तेच दाबलं, रोशन. लोकाइले ती शोभेची वस्तू वाटत नाई. दरवाजा दिसला की आत जातात."

"मी दुरुस्त करते सर," हिमानी म्हणाली. "पावसाचे आकडे घेऊ कुठून तरी."

"करून पाह्यलं मी. तू बी कर. ज्या दिवशी तुले स्वतःच्या बागेचं पाणी त्याच्या भरवशावर तोडावं वाटन, त्या दिवशी लाव पट्टीत."

हिमानीच्या वडिलांची बाग होती. 

"काढ मंग," सर कुणालला म्हणाले. कुणाल मॉनिटरकडे पाहत राहिला, हात काही पुढे येईना. शेवटी सरांनी आपली खुर्ची ओढली. पट्टीच्या फाइलमध्ये एकेका नावाची एकेक ओळ होती. त्यांनी वरची ओळ निवडली आणि पुसली. खालची नावं एकेक पायरी वर सरकली. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते तिघांसमोरच पुसले.

पण काम तेवढ्यावर संपत नव्हतं, आणि हे त्या माडीवर सरांनाच आधी सुचलं. जुन्या लोकांनी ताण थेट आपल्या फोनच्या पडद्यावर ठेवून घेतला होता. ते पट्टी पाहतच नव्हते. पट्टीतून नाव काढलं तरी त्यांचा दरवाजा उघडाच. त्या दरवाजाच्या आत आता काय लिहायचं?

"पुसूनच टाकू," कुणाल म्हणाला. "पान सापडत नाही, असं येईन."

"म्हणजे त्याले वाटन, आपलंच नेट खराब हाय. दहा डाव दाबत बसन." सरांनी कीबोर्ड पुढे घेतला आणि लिहिलं:

'ताण बंद केला आहे. हा हिशोब कोरड्या हिवाळ्याचा होता. आता मधेच पाऊस पडतो आणि तो यात धरलेला नाही. यावर भरवसा ठेवून पाणी तोडू नका, सोडू नका. यामुळे कोणाची बाग चुकली असेल तर ती चूक माझी आहे. गुणवंता कळंबे, पांढुर्णा.'

खाली त्यांनी आपला फोन नंबर घातला आणि त्याखाली तिन्ही नव्या वाटा.

"नंबर कायले सर?" रोशन घाबरला. "लोक शिव्या देतीन."

"देऊ दे. इतके दिवस कोणी देल्या नाईत, तेच वाईट झालं."

पुढच्या आठवड्यात हिमानी मोहगावला जाऊन आली. प्रमिलाबाईंनी दोनदा बोट लावलं आणि कोळशी सापडली, कोणाला काही विचारलं नाही, असं तिने फोनवर सांगितलं. सर खूश झाले. वहीत तारीख घालून त्यांनी तसं लिहूनही ठेवलं.

एप्रिल सरत आला तेव्हा पहिला फोन आला. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहारासाठी पाणी तोडायचे दिवस होते. सर ताटावर बसले होते.

"ताणवाले सर नं जी? मी जामसांवलीच्या बाजूनं बोलून राहिलो. बापूजी म्हणतात मले."

"बोला बापूजी. पण ताण बंद केला आता."

"वाचलं. नातीनं वाचून दाखवलं. दोन डाव वाचाले लावलं तिले. म्हणून तं फोन लावला. आता मिरगासाठी पाणी कधी तोडू?"

सव्वीस वर्षांत सरांनी विद्यार्थ्याला उत्तराविना परत पाठवलं नव्हतं. येत नसलं तर ते 'उद्या सांगतो' म्हणत आणि रात्रभर पुस्तकं चाळत. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"मले नाई सांगता येत बापूजी."

"तुमाले बी नाई?"

"मले बी नाई."

 "आमाले वाटलं, तुमाले ठाऊक असन," बापूजी म्हणाले. "बरं. जेवा मंग तुमी."

सरांनी फोन खाली ठेवला. कुसुमताई पोळी वाढायची थांबल्या होत्या.

"कोण होतं?"

"जामसांवलीचे एक बापूजी. पाणी कधी तोडू म्हणत होते."

"मंग काय सांगतलं?"

"नाई सांगता येत म्हणलं."

कुसुमताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यांनी या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पोळी वाढली. सरांनी तिचा तुकडा मोडला, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. नंबर अनोळखी होता.

"राहू द्या नं. जेवून घ्या पयले," कुसुमताई म्हणाल्या.

सरांनी हात पुसला आणि फोन उचलला.

"ताणवाले सर नं जी?" पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"हो, मीच," सर म्हणाले. "बोला."